आप्पा, सोबती आणि चोवीस तास पाणी

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचा टीव्ही बंद केला. ऑपरेशन जरा किचकट गेलं होतं, त्यामुळे काही आठवडे डोळ्यावर पट्टी राहणार होती. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हणजे आप्पा घरातल्या घरात आंधळे झाले होते आणि त्याचा सगळा राग त्यांनी कानांवर काढला. कान इतके तल्लख झाले की मी स्वयंपाकघरात डबा उघडला तरी बैठकीतून आवाज यायचा, "अव्वा, शेंगदाणे काढलीस व्हय?"

आप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. लहानपणी घरात कन्नड, पुढं दुकानात मराठी; माझ्याशीही मराठीच, फक्त 'अव्वा', म्हणजे 'आई', ही हाक कन्नड. उभं आयुष्य मार्केट यार्डात ज्वारीच्या आडतीत गेलं, आता ती माझे यजमान बघतात. सकाळपासून दहा माणसांशी हुज्जत घालायची सवय असलेला माणूस दिवाणावर नुसता पडून राहणार तरी कसा? पहिल्या दोन दिवसांतच त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की शाळेतल्या नोकरीतसुद्धा मला कुणी एवढं पिडलं नव्हतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, मी तुम्हाला काहीतरी वाचून दाखवते."

"देवाचं नको. ते पाठ हाय."

वर्तमानपत्र अर्ध्या तासात संपायचं. त्यातल्या निधनवार्ता मात्र ते दोनदा वाचायला लावत आणि ओळखीचं कुणी नसलं की थोडे हिरमुसत. मग मी कपाटातून ते पुस्तक काढलं.

ते मला सात रस्ता चौकाजवळच्या एका रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. गेले होते वर्तमानपत्रं द्यायला. ढिगातून एक पिवळं पडलेलं पुस्तक डोकावत होतं, मुखपृष्ठ कधीच गेलेलं. सहज पहिलं पान उघडलं आणि तिथंच उभी राहिले. मोडनिंबच्या शाळेत असताना वाचलेली विज्ञान कादंबरी होती ती! तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. आमच्या शाळेच्या वाचनालयात दोन लाकडी कपाटं होती आणि त्यात विज्ञान कादंबरी ही एकच. ती वाचल्यावर कित्येक दिवस मी घरात एकटी असले की भिंतीकडे पाठ करून बसायचे नाही.

कारण त्या कादंबरीतल्या भिंती बोलायच्या. गोष्ट भविष्यातल्या एका शहरातली होती. प्रत्येक घराच्या भिंतीत एक यंत्र बसवलेलं असे, त्याला लोक 'सोबती' म्हणत. सोबत्याचा आवाज गोड. तो घरातलं सगळं बोलणं ऐके, कुणाला काय हवं ते ओळखे, तुमच्या वतीनं नातेवाइकांना खुशाली कळवे, आणि पुढं पुढं तर ज्याचा हवा त्याचा आवाज काढे.

मी वाचायला सुरुवात केली. शिक्षिकेचा स्वभाव जात नाही. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायची मला हौस. नायकाला मी जाड आवाज दिला, आणि सोबत्याला माझाच आवाज, पण साखर घातलेला. "या मालक, दमलात ना? आज आपलं मन उदास वाटतंय." आकाशवाणीवर माझी निवड कशी झाली नाही याचं मला स्वतःलाच नवल वाटायला लागलं.

पहिलं प्रकरण झालं. मला वाटलं, आप्पा घाबरले असतील.

"हे गाव कुटलं?" त्यांनी विचारलं.

"काल्पनिक आहे आप्पा. भविष्यातलं शहर."

"तरी, जिल्हा कुटला?"

"जिल्हा नाही. हे सगळं खोटं आहे. लेखकाला वाटलं की पुढं असं होईल."

"पुढं कशाला? झालंय की. परवा मी नुसतं म्हणलो गुडघा दुखतोय, तर तुझ्या फोनवर तेलाची जाहिरात आली का न्हाय? तूच वाचून दाखवलीस."

ज्या पानावर लहानपणी माझ्या अंगावर काटा आला होता, ते पान आप्पांनी शेजारच्या गल्लीतली बातमी ऐकावी तसं ऐकलं होतं. लेखकाने मोठ्या थाटात लिहिलं होतं की माणसं जेवताना एकमेकांकडे न बघता हातातल्या चकाकत्या पाट्यांकडे बघत. आप्पा म्हणाले, "आपल्यात गेल्या दिवाळीला सगळे आलते तवा असंच की." कुठल्या रस्त्याने जायचं हे यंत्र सांगत असे, असं आलं. आप्पा म्हणाले, "त्या मोडनिंबच्या लग्नाला आपल्याला त्यानंच कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत न्हेलं न्हवं?" बाग ज्यांची होती त्यांनी चहा पाजला होता, ही वेगळी गोष्ट.

मात्र चौथ्या प्रकरणात त्यांनी मला अचानक थांबवलं. नायक शंभराव्या मजल्यावर राहत होता आणि सकाळी उठून त्याने नळ सोडला.

"थांब. एवढ्या वर पाणी चढतं?"

"हो."

"कितव्या दिवशी येतं?"

"रोज. चोवीस तास."

आप्पा दिवाणावर उठून बसले. "हे मात्र फेकलंय त्यानं!"

आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की सगळी कामं टाकून पिंपं भरायची, शेजाऱ्यांना हाका मारायच्या. भिंतीतल्या यंत्राने माणसाच्या मनातलं ओळखणं आप्पांना पटलं, आवाज चोरणं पटलं, चंद्रावर कचेरी असणंसुद्धा पटलं. पण चोवीस तास पाणी काही त्यांच्या गळी उतरलं नाही. संध्याकाळी यजमान दुकानातून आले तेव्हा त्यांनाही त्यांनी सांगितलं, "पुस्तक चांगलं हाय, पर लेखक जरा पुड्या सोडतोय."

मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर हळूहळू आतून कसंतरीच व्हायला लागलं होतं. लहानपणी ही गोष्ट वाचताना मी त्या शहराबाहेर उभी राहून आत बघत होते. आता वाचताना सारखं वाटायचं की आपण त्याच शहरात भाड्यानं राहतोय आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

त्यात सहावं प्रकरण आलं. नायकाचा भाऊ दूर गावी असतो. दोघे रोज सोबत्यामार्फत बोलतात. एक दिवस नायकाला कळतं की भाऊ कामात असल्यामुळे त्याच्या वतीनं त्याचा सोबतीच बोलत होता, आणि इकडून नायक दमलेला असला की त्याचाही सोबतीच उत्तर देत होता. म्हणजे कित्येक दिवस दोन यंत्रं एकमेकांची विचारपूस करत होती. "जेवलास का?" "जेवलो. तू?" आणि माणसं दोन्हीकडे झोपलेली.

हे वाचताना मला माझा वाढदिवस आठवला. मुलगा पुण्याला नोकरी करतो. कंपनीत तो काय करतो हे आम्हाला नीट सांगता येत नाही, संगणकावरचं काहीतरी. त्या दिवशी त्याचा मोठा संदेश आला होता. 'आई, तू शाळेतून आलीस की तुझ्या हाताला खडूचा वास यायचा. तुझ्या वात्सल्याला शब्दांत कसं मांडू?' मी वाचून रडले. तिन्ही बहिणींना पाठवला, त्याही रडल्या. पण आता सोबत्याचं प्रकरण वाचताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. ज्या मुलाने दहावीला 'आशीर्वाद' हा शब्द तीन प्रकारे लिहून तिन्ही चुकवले, त्याने 'वात्सल्य' जोडाक्षरासकट बरोबर लिहिलं? हे यंत्राचंच काम. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याला मी जे सुंदर उत्तर पाठवलं होतं, तेही मी लिहिलेलं नव्हतं. फोनने खाली तीन उत्तरं सुचवली होती, त्यातलं सगळ्यात भावपूर्ण मी दाबलं होतं.

म्हणजे माझ्या वाढदिवसाला आम्ही मायलेक बोललोच नव्हतो!

आप्पांवर त्या प्रकरणाचा परिणाम वेगळाच झाला. ज्वारीत खडे मिसळून आणणाऱ्यांशी त्यांनी जन्मभर दोन हात केले होते, त्यामुळे फसवणूक म्हटली की त्यांना स्फुरण चढतं. "म्हंजी आवाज वळखीचा असला तरी माणूस त्योच असंल असं न्हाय," ते दोन-तीनदा म्हणाले. मग विचारलं, "वळखायचं कसं?"

"ते पुढच्या प्रकरणात असेल," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आप्पांच्या डोळ्याचे थेंब आणि थोडी भाजी आणायला बाहेर पडले. माझा फोन चार्जिंगला लावलेला, तो घरीच राहिला. आप्पांच्या उशाशी त्यांचा बटणांचा फोन होता. मी जाताना त्यांना सांगितलं, "कुणी आलं तरी दार उघडू नका, मी लगेच येते." त्यानंतर जे झालं ते मी आधी मुलाकडून आणि मग आप्पांकडून, अशा दोन वेगळ्याच तऱ्हांनी ऐकलं.

आप्पांचा फोन वाजला.

"आजोबा, मी बोलतोय."

"मी म्हंजी कोण?"

"मी! तुमचा नातू. आई फोन उचलत नाहीये. आम्ही आत्ताच सात रस्त्याला उतरलो. घरी कुणी आहे ना?"

"आमी म्हंजी कितीजण?"

मुलगा अडखळला. "ते... घरी आल्यावर सांगतो."

आप्पांना फोनचे आकडे दिसत नव्हते, पण त्यांच्या फोनमध्ये आम्ही घरच्यांसाठी एक धून आणि परक्यांसाठी दुसरी लावून दिली होती. ही परक्याची धून होती.

"हा नंबर तुझा न्हाय."

"हो, माझा फोन बंद पडला. बॅटरी संपली."

पुढचं आप्पांच्या शब्दांत. "मी कायबी विचारलं न्हवतं. सोताच्या तोंडानं म्हणालं, बॅटरी संपली म्हणून!"

त्यांनी फोन ठेवला, भिंत चाचपत दारापाशी गेले, खालची कडी लावली, वरची लावली, आणि खुर्ची ओढून दाराला टेकून बसले.

थोड्या वेळाने रिक्षा आली. मुलाने बेल वाजवली, हाका मारल्या. आतून कन्नडमध्ये प्रश्न आला, "यारु?" कोण?

"आजोबा, मीच!"

"फोनवरबी हेच म्हणालास. आवाज तर मशीनबी काढती. बरं, मला सांग, ल्हानपणी गड्ड्याच्या जत्रेत तू हरवला व्हतास. कुटं सापडलास?"

"मी तीन वर्षांचा होतो आजोबा! मला कसं आठवेल?"

"मी त्या टायमाला साठीचा व्हतो, मला आठवतंय. तुला का न्हाय?"

मुलगा मला नंतर म्हणाला, "आई, कंपनीच्या मुलाखतीत मला इतका घाम फुटला नव्हता. मी मीच आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं."

मग आप्पांनी कन्नडची परीक्षा घेतली. "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का. माझ्या मुलाचं कन्नड देवळाच्या पायरीपर्यंतचं, आत कधी शिरलंच नाही. तो म्हणाला, "हौदु, छलो अदा." म्हणजे साधारण, 'हो, छान आहे.' एव्हाना शेजारच्या तेलुगू काकू गॅलरीत आल्या होत्या. त्या मध्ये पडल्या. "आप्पा, मशीन असती तर कन्नड चांगलं बोलली असती की!"

आतून आप्पा म्हणाले, "हुशार हाय. मुद्दाम चुकतंय."

मी कोपऱ्यावरून वळले तेव्हा आमच्या दारात दोन-चार माणसं जमलेली दिसली. धावत पोचले तर पायरीवर माझा मुलगा, आणि त्याच्या शेजारी पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी. मला बघून ती एकदम उभी राहिली आणि ओढणी सारखी करायला लागली. त्या ओढणी सारखी करण्यातच मला सगळं कळलं, पण ते समजून घ्यायला आत्ता वेळ नव्हता.

"आप्पा, दार उघडा. मी आलेय," मी हाक मारली.

आत खुर्ची करकरली. "आलीच का!" आप्पा ओरडले. "हा तर डिट्टो त्या मशिनीचा आवाज हाय!"

मला कळेना हसावं की रडावं. इतके दिवस साखर घालून घालून मी त्या सोबत्याला माझा आवाज दिला होता, आणि आता माझ्याच घराच्या दारात मी पकडले गेले होते.

"आप्पा, अहो मी वाचून दाखवत होते तुम्हाला! तो माझाच आवाज होता!"

"बगा, कबूल केलं!" आतून विजयी आवाज आला.

काकू गॅलरीत पदर तोंडावर धरून बसल्या. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "आई, आजोबांना काय झालंय?"

"काही झालं नाही. मी त्यांना विज्ञान कादंबरी वाचून दाखवतेय."

यजमानांना फोन लावावा म्हणून काकूंचा फोन मागितला, तर यार्डात सौदे चालू असणार, त्यांनी उचललाच नाही. खिडकीतून बोलावं तर आप्पांना दिसत नाही. भाजीची पिशवी हातात धरून मी उन्हात उभी होते आणि घरात माझा सासरा माझ्यापासून माझंच घर वाचवत होता.

तेव्हा ती मुलगी पुढं झाली. दाराला तोंड लावून म्हणाली, "आप्पा, नमस्कार करते. दार नका उघडू तुमी. खिडकीतनं पाणी तेवढं द्या की. लई तान लागलीय."

आतून प्रश्न आला, "तू कोण?"

"मी श्रीपूरची."

"श्रीपूरची? कारखान्यावरची?"

"व्हय. वडील कारखान्यात लॅबला हाईत."

"गाळप सुरू झालं का?"

"झालं की. रस्त्यावर नुसत्या उसाच्या गाड्या. आमची बस एका ट्रॅक्टरमागं एवढी रांगत आली, की बैल बरे म्हणावं."

आप्पा हसल्याचा आवाज आला. "यंदा ऊस कमी हाय म्हणतात."

"वडीलबी तसंच म्हणतात. पर दरवर्षीच म्हणतात."

आता माझे शेजारीपाजारी, माझा मुलगा आणि मी गप्प उभे, आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी उसावर चर्चा चाललेली. गुळाचा भाव झाला. श्रीपूरला पाणी कितव्या दिवशी येतं ते झालं. तिथं रोज येतं म्हटल्यावर आप्पांनी विश्वास ठेवला, याचं मला फार वाईट वाटलं. मग वरची कडी निघाली. मग खालची.

दारात आप्पा उभे. डोळ्यावर पट्टी, हातात पाण्याचा तांब्या, तो त्यांनी अंदाजाने भलत्याच दिशेला धरलेला. मुलीने वळसा घालून तो घेतला आणि वाकून नमस्कार केला. मुलानेही केला. आप्पांनी त्याचं डोकं, कान, खांदे चाचपले. "वाळलास," म्हणाले. "तूच हायस की रं."

सगळे आत आल्यावर मी थोड्या रागानेच विचारलं, "आप्पा, मला ओळखलं नाहीत, नातवाला ओळखलं नाहीत, आणि जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी दार उघडलंत?"

"मग? तुमच्याबद्दल मला समदं ठाऊक हाय. तेवढं मशीनलाबी ठाऊक असणार. या पोरीबद्दल मला कायबी ठाऊक न्हवतं. आपल्याला ठाऊक न्हाय ते मशीन कुटनं आणील? म्हणून म्हणलं, ही खरी. आणि खरं माणूस हुबं असताना तिच्याजवळ खोटी माणसं कशाला हुबी राहतील?"

मी विज्ञान शिकवलेली बाई. या युक्तिवादात भोक शोधायचा मी प्रयत्न केला, पण पोटात भूक होती आणि भाकऱ्या करायच्या होत्या.

ज्या बातमीसाठी मुलगा पुण्याहून न कळवता आला होता, जी सांगायची तयारी तो म्हणे बसमध्ये सगळा रस्ताभर करत होता, ती सांगायचं कारणच उरलं नाही. जेवायला बसल्यावर आप्पांनी सरळ मुलीला विचारलं, "मग लग्न कवा करताय?" मुलाला ठसका लागला. मुलीने त्याच्यापुढं पाणी सरकवलं आणि म्हणाली, "घरी बोलायचंय अजून. तुमी आलात श्रीपूरला तर बरं हुईल."

यजमान संध्याकाळी आले तोवर घरात सगळं ठरून गेलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मला फोन का नाही केला?"

पण त्याआधी, दुपारच्या त्याच जेवणात, मी मनातला किडा बाहेर काढला. मुलाला विचारलं, "खरं सांग, वाढदिवसाचा तो संदेश तू लिहिला होतास की यंत्राने?"

तो ताटाकडे बघायला लागला. मुलगी लाल झाली.

"यंत्राने नाही," तो म्हणाला. "हिने लिहिला."

भिंतीतल्या यंत्राला मी मनातल्या मनात तयार होते, पण याला नव्हते. माझ्या लेकाचे म्हणून ज्या शब्दांवर मी आणि माझ्या तीन बहिणी रडलो, ते श्रीपूरच्या या मुलीचे होते!

"काकू, पण सांगत तोच होता," ती घाईने म्हणाली. "मी नुसतं नीट लिवलं. खडूच्या वासाचं त्यानंच सांगितलं. वात्सल्य तेवढं माझं." मग म्हणाली, "तुमचं उत्तरबी आम्ही दोघांनी वाचलं. किती सुंदर लिहिलंय तुम्ही! मी जपून ठेवलंय."

मी तिला आणखी एक भाकरी वाढली.

ती दोघं दोन दिवसांनी परत गेली आणि आमचं वाचन पुन्हा सुरू झालं. सोबत्याला मी आता बिनसाखरेचा आवाज दिला, खबरदारी म्हणून. पुस्तक संपायला आलं होतं. शेवटच्या प्रकरणात नायक भावाला शोधत त्याच्या गावी जातो. भाऊ भेटतो, पण दोघांना काय बोलावं सुचत नाही, सगळं बोलणं यंत्रांनी आधीच करून टाकलेलं असतं. तो घरी परत येतो. अंधार असतो. भिंतीतून भावाच्या आवाजात सोबती विचारतो, "बोलू का?" नायक बराच वेळ उभा राहतो. मग पलंगावर आडवा होतो आणि म्हणतो, "बोल."

तिथं पुस्तक संपलं.

मी पान उलटून बघितलं, मागं आणखी काही आहे का. नव्हतं.

आप्पा छताकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "म्हातारा असणार."

"कोण?"

"ज्यानं लिवलंय त्यो. तरण्या माणसाला हे सुचायचं न्हाय. तरणा असता तर त्यानं मशीन फोडून टाकली असती."

मी चपापले. कारण माझ्या आठवणीत ती फुटलेलीच होती! नायक कुऱ्हाड आणतो, भिंत फोडतो, आतून तारांचं भेंडोळं बाहेर येतं, शहरभर लोक खिडक्या उघडतात, हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. वर्गातल्या मुलांनासुद्धा मी ही गोष्ट याच शेवटासकट कितीदा सांगितली होती. मग लक्षात आलं, मोडनिंबच्या शाळेतल्या प्रतीची शेवटची पानं गेलेली होती. कुऱ्हाड मीच आणली होती, बारा-तेराव्या वर्षी. आता साठीला टेकल्यावर मला कुणी कोरी पानं दिली असती तर मी तिथं काय लिहिलं असतं, ते मला सांगता येईना.

आप्पांना मात्र शेवट पटला होता. "दमला असंल त्यो," म्हणाले. "येऊन-जाऊन किती लांब पडतंय." आणि कुशीवर वळून झोपले.

मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि फोन हातात घेतला. माझा धाकटा भाऊ मोडनिंबलाच असतो, शेती बघतो. रोज सकाळी तो मला फुलांचं चित्र पाठवतो, मी त्याला हात जोडलेले पाठवते. शेवटचं बोलणं कधी झालं ते आठवेना. मी त्याला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही रे. सहज केला."

"सहज?" त्याला काही पटेना. "दाजी बरे हाईत न्हवं? आप्पांचा डोळा?"

"सगळे बरे आहेत. तू काय करतोयस?"

"मी व्हय? ठिबकच्या नळ्या साफ करतोय."

मग त्याने ठिबकच्या नळ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. क्षार कसे साचतात, उंदीर कुठं कुरतडतात, मागच्या खेपेच्या नळ्या कशा चांगल्या होत्या आणि या कशा निघाल्या. थोड्याच वेळात मला मनापासून कंटाळा आला. सोबत्याने हे किती नेटकं सांगितलं असतं, दोन वाक्यांत, गोड आवाजात! मी खुर्ची पंख्याखाली ओढली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "उंदरांचं परत सांग बरं, नीट ऐकू आलं नाही." तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.